१२ व्होल्ट दाखवणारा खोटा डबा

कॅम्पर व्हॅनचं वायरिंग करून घेणार असाल तर पैसे देण्याआधी हे वाचा. आम्ही जुन्या ट्रॅव्हलरचा कॅम्पर करून घेतला. इलेक्ट्रिकचं काम पुण्याजवळच्या एका वर्कशॉपला दिलं. राउटर, एलईडी पट्ट्या, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर, सगळं १२ व्होल्टचं. गाडीची सप्लाय थेट द्यायची नाही, मध्ये स्टॅबिलायझर, म्हणजे आत व्होल्टेज कमीजास्त झालं तरी बाहेर कायम १२ देणारा कन्व्हर्टर, बसवा, असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

कारण गाडीतले १२ व्होल्ट हे नुसतं नाव आहे. पूर्ण भरलेली लेड-ॲसिड बॅटरी इंजिन बंद असताना साधारण १२.७ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू झालं की अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) ते १४.४ पर्यंत नेतो. सेल्फ मारताना तेच ९-१० पर्यंत कोसळतं. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी सोलरवर चार्ज होताना १४.६ लाही जाते. आणि अल्टरनेटर चार्ज करत असताना बॅटरीचं टर्मिनल ढिलं पडलं, तर क्षणभर कितीतरी पट जास्त व्होल्टेज लाइनवर येतं. घरासाठी बनवलेला राउटर हे सगळं कसं सोसणार?

वर्कशॉपवाल्याने एक काळा डबा बसवला. वर स्टिकर: इनपुट ९ ते ३६ व्होल्ट, आउटपुट १२ व्होल्ट, १० अँपिअर. ६,५०० रुपये घेतले. दिवे चालू ठेवून माझ्यासमोर मीटर लावला. बॅटरीवर १२.७, डब्यातून बाहेर बरोबर १२.०. "बघा साहेब, पॉइंटात बारा!" असं म्हणून मीटर माझ्या हातात दिला. इंजिन मात्र बंद होतं. सगळी मेख तिथेच होती.

पुढे गाडी सुरू केली की राउटर दर वेळी रीस्टार्ट व्हायचा. मग एलईडीची एक पट्टी गेली, पाठोपाठ रेकॉर्डर. वर्कशॉपचं उत्तर ठरलेलं: तुमचा माल चायनीज आहे.

साताऱ्याच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने इंजिन चालू ठेवून मीटर लावला. आत १४.३, बाहेर १३.६. मग त्याने डब्यात ओतलेलं इपॉक्सी, म्हणजे कडक झालेला गोंद, कोरून काढलं. आत एकच डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा स्वस्त भाग), एक रेझिस्टर आणि बाहेरून दिसणारा हिरवा दिवा. हाताला वजन लागावं म्हणून तळाशी लोखंडाची पट्टी चिकटवलेली! डायोडमधून जाताना सुमारे ०.७ व्होल्ट कमी होतात, म्हणून इंजिन बंद असताना बरोबर १२ दिसत होते. ही चूक नाही. ही ठरवून केलेली लबाडी आहे, आणि अजूनही तो राग माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

खऱ्या कन्व्हर्टरची परीक्षा दोन मिनिटांची आहे. दिवे चालू ठेवा, मीटर आउटपुटवर लावा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा १२ च्या आसपास ठाम राहिला पाहिजे. नंतर रेस देऊनही बघा. नुसता व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर सेल्फच्या वेळी उपयोगाचा नाही; चढवणारा आणि उतरवणारा, दोन्ही करणारा मागा. फ्यूज बॅटरीच्या जवळच हवा. बिलावर मॉडेल नंबर लिहून घ्या. मला "वायरिंग सामान" एवढंच लिहिलेलं बिल मिळालं होतं. त्यावर आता वर्कशॉपवाला म्हणतो, तो डबा आमचा नाहीच.

बसवताना काढलेले फोटो आणि पैसे पाठवल्याची नोंद माझ्याकडे आहे. ती जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार केली आहे. तिथे तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही.

असाच काळा, इपॉक्सीने भरलेला डबा तुमच्या गाडीत असेल, तर आधी राउटरची पिन काढून ठेवा आणि मग इंजिन सुरू करून मीटर लावा.