बंद बरणीतील परिसंस्था : बरणी चांगली, माहितीपत्रक चुकीचे

‘स्वयंपूर्ण परिसंस्था’ या नावाने एका ऑनलाइन विक्रेत्याकडे मिळणारी तीन लिटरची काचेची बरणी मी १,२०० रुपयांना घेतली. तिच्या तळाशी वाळू आणि तळ्यातला गाळ, त्यात रोवलेल्या हायड्रिला या पाणवनस्पतीच्या काड्या, काही लहान पाणगोगलगायी आणि जेमतेम डोळ्यांना दिसतील असे डॅफ्निया (पाण्यातले चिमुकले कवचधारी प्राणी) असून झाकण मेणाने बंद केलेले आहे.

वस्तू म्हणून बरणी उत्तम आहे. सकाळचे ऊन पडले की हायड्रिलाच्या पानांवर प्राणवायूचे बुडबुडे धरतात आणि एकेक सुटून वर जातात. गोगलगाय काचेवरचे शेवाळ खरवडत सरकते तेव्हा तिच्या मागे स्वच्छ काचेचा नागमोडी पट्टा उरतो. तिची विष्ठा गाळात पडते आणि तिथले जीवाणू तिचे विघटन करून नायट्रोजन व फॉस्फरस वनस्पतीला पुन्हा मिळवून देतात.

बरणीत मासा नाही, अशी काही ग्राहकांची तक्रार दिसते. मला मात्र हा निर्णय समंजस वाटतो. एका पोषणपातळीवरून, म्हणजे अन्नसाखळीतल्या एका पायरीवरून, पुढच्या पातळीवर ऊर्जेचा लहानसा हिस्साच पोहोचतो, कारण बाकीची श्वसनात उष्णता होऊन निघून जाते किंवा न खाल्लेल्या भागात राहून विघटकांच्या वाट्याला येते. अमेरिकी परिसंस्थाशास्त्रज्ञ हॉवर्ड ओडम यांनी फ्लोरिडातील सिल्व्हर स्प्रिंग्ज या झऱ्याचा हिशेब १९५७ मध्ये मांडला. त्यात वनस्पतींनी दर चौरस मीटरला वर्षाकाठी बांधलेली ऊर्जा २०,८१० किलोकॅलरी होती; शाकाहारी प्राण्यांपर्यंत ३,३६८, मांसाहारींपर्यंत ३८३ आणि सर्वोच्च भक्षकांपर्यंत अवघी २१ पोहोचली. (दर पातळीला ‘दहा टक्के’ ऊर्जा पुढे जाते, हे पाठ्यपुस्तकातले प्रमाण ढोबळ आहे, हेही यावरून दिसते.) एवढ्याशा हायड्रिलावर मासा पोसणे शक्यच नाही.

माहितीपत्रकाबद्दल मात्र चांगले लिहिता येत नाही. त्यात बाणांचे एक गोल वर्तुळ काढून त्याखाली ‘ऊर्जेचे चक्र’ असे छापले आहे. चक्र असते ते कार्बन, नायट्रोजन अशा पदार्थांचे. ऊर्जा प्रकाशरूपाने काचेतून आत येते आणि उष्णतारूपाने काचेतूनच बाहेर जाते, ती परत फिरत नाही. या अर्थाने ‘स्वयंपूर्ण’ हे नावही फसवेच आहे. त्याहून घातक म्हणजे ‘घरात कुठेही ठेवा’ ही सूचना. अंधाऱ्या कोपऱ्यात प्रकाशसंश्लेषण थांबते, पण श्वसन सर्वांचेच चालू राहते आणि पाण्यातला प्राणवायू संपत जातो. उलट एप्रिल-मेच्या दुपारच्या उन्हात पाणी तापते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि जिवांची गरज मात्र वाढते. पूर्वेच्या खिडकीजवळची उजेडाची जागा सर्वांत सोयीची.

हायड्रिला मत्स्यालयाच्या दुकानात स्वस्त मिळत असल्याने घरच्यासाठी बरणी स्वतःच भरावी. शाळांनी ही विकत घ्यायला हरकत नाही, मात्र पत्रक बाजूला ठेवून नववीच्या विज्ञानातले ऊर्जाप्रवाहाचे प्रकरण तिच्याशेजारी उघडावे. मागवण्यापूर्वी कुरिअरला किती दिवस लागतील हे अवश्य विचारून घ्यावे, कारण तेवढे दिवस बरणी बंद खोक्यात, अंधारातच असते.