जेंबेचा वर्ग: एका घुमटवाल्या बापाचा अभिप्राय

जूनच्या दुसऱ्या शनिवारी सुरू झालेला आमच्या धाकटीचा जेंबे या पश्चिम आफ्रिकेतल्या ढोलाचा आणि नाचाचा वर्ग गणेशचवथीच्या आदल्या आठवड्यात संपला. १२ शनिवार, गोव्यातल्या डिचोली ते म्हापसा, भर पावसात, स्कूटरवर, आणि दोघांच्या मध्ये प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला ढोल. एवढे केल्यावर अभिप्राय लिहायचा हक्क मला आहे. वर्गाचे नाव मात्र देत नाही, कारण खाली दोन-तीन तक्रारी आहेत आणि माणसे चांगली आहेत. ज्यांना मुलांना घालायचे आहे त्यांना म्हापशात चौकशी केली की पत्ता मिळेल.

मी वीज खात्यात लाइनमन. वाड्यावरच्या आरती मंडळात वीस वर्षे घुमट वाजवतो, म्हणजे एका तोंडावर कातडे ताणलेले मातीचे मडके. ताल मला कानाने कळतो, कागदावर लिहून दिला तर कळत नाही. आणि जेंबे म्हणजे माझ्या लेखी हरमलच्या किनाऱ्यावर सूर्य बुडताना पर्यटक गोल करून जे बडवतात ते. दहा जण, दहा ताल, समेवर यायची कुणालाच घाई नाही. धाकटीने मैत्रिणीचे ऐकून हट्ट धरला तेव्हा मी बायकोला म्हटले, ४,००० रुपये देऊन हे शिकायचे? घरात घुमट खुंटीला टांगलेले आहे.

पहिल्या शनिवारी बाहेर रेनकोट पिळत उभा राहिलो, म्हणून सगळे कानावर पडले. शिक्षक गिनीचे, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशाच्या कोनाक्री या राजधानीचे. फ्रेंच बोलतात, इंग्रजी मोडकेतोडके. सोबत आपल्याकडच्या एक बाई असतात, त्या मुलांना कोंकणी-मराठीत सांगतात. पहिला अर्धा तास एकाही मुलाला ढोलाला हात लावू दिला नाही. नुसते चालायला लावले. मग चालता चालता टाळ्या. मग टाळ्या चालू ठेवून वर गाणे. पाय एक मोजतायत, हात दुसरे, तोंड तिसरेच. अठरा मुलांतली चौदा पहिल्या मिनिटाला कोसळली. मला आजोबांची आठवण झाली. ते गोव्याचे तबलजी लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकरांच्या गोष्टी सांगायचे, दोन हातांनी दोन ताल, पायांनी आणखी वेगळे, तोंडाने भलतेच बोल. लहानपणी आम्हाला त्या थापा वाटायच्या. इथे नऊ वर्षांच्या पोरांना त्याच वाटेवर पहिले पाऊल टाकायला लावत होते, आणि तेही हसत-खिदळत.

जेंबे म्हणजे लाकडाचा एकाच ओंडक्यातून कोरलेला पेला समजा, वर बकरीचे कातडे, खाली पोकळ पाय. काठी नाही, नुसते हात. मूळ आघात तीन. मधोमध तळव्याने मारला की खर्ज, कडेला बोटे जुळवून मारली की गोल सूर, आणि तिथेच बोटे सैल सोडून मारली की चटका बसल्यासारखा टणत्कार. ऐकायला सोपे वाटते. मी घरी करून पाहिले तर दुसरा आणि तिसरा सारखाच यायचा. खर्ज तर येतच नव्हता, कारण मी ढोल जमिनीवर सरळ टेकवून ठेवला होता. धाकटी ओरडली, "पप्पा, तो जमनीर टेंकूं नाका, आवाज घुस्मटटा." बरोबर होते तिचे. ढोल पुढे कलता धरून खालचे तोंड मोकळे ठेवायचे असते, आवाज तिथून बाहेर पडतो. घुमटाला आम्ही मागचे तोंड डाव्या हाताने झाकत-उघडत खर्ज घुमवतो. म्हणजे दोन्हीकडे खरी गंमत मागच्या दाराला आहे. वीस वर्षे वाजवून मला हे पोरीने शिकवले.

जेंबे एकटा वाजत नाही हेही मला ठाऊक नव्हते. बाजूला तीन आडवे ढोल असतात, दोन्ही बाजूंनी गाईचे कातडे, काठीने वाजवायचे. सगळ्यात लहान तो केनकेनी, मधला सांगबान, मोठा डुंडुंबा. वर लोखंडी घंटा. केनकेनी सरळ चालतो, आमच्या कासाळ्यांसारखा, म्हणजे आरतीतल्या झांजांसारखा. कुठला ताल चालू आहे ते सांगबानवरून ओळखायचे. आणि मुख्य जेंबेवाला एक ठरावीक इशारा वाजवतो, त्यावर सगळे सुरू होतात, नाचणारे पाऊल बदलतात आणि त्यावरच थांबतात. आरतीत आमचा म्होरक्या मान हलवतो ना, तेच काम इथे हात करतो.

मला खरा पटला तो या वर्गाचा एक नियम. कुठलाही ताल शिकवण्याआधी तो कुणाचा, कधी वाजवतात, हे सांगतात. कास्सा हा शेतावरचा ताल. कापणीला माणसे ओळीने लागली की वादक बांधावर वाजवतात, काम लयीत होते. कुकू गिनीच्या जंगलपट्ट्यातला. मासे धरून परतलेल्या बायका गोल करून नाचत, असे शिक्षकांनी सांगितले. एका पोराने लगेच विचारले, "रापणीवरून आल्यावर?" बाईंनी ते फ्रेंचमध्ये समजावले आणि मग रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, काय असते हे शिक्षकांनाच दहा मिनिटे ऐकावे लागले. असा वर्ग मला आवडतो. किनाऱ्यावरच्या बडवाबडवीत आणि यात फरक हाच. आरतीचा ताल आम्ही अंत्ययात्रेत वाजवत नाही, तसे त्यांचेही आहे.

नाच तालापासून वेगळा काढलेला नाही. अनवाणी, गुडघे सैल, कमरेत पुढे वाकून, हात मोठे उघडे. फुगडी घालणाऱ्या मुलींना तो पटकन आला, पाठ ताठ ठेवायची सवय असलेल्या भरतनाट्यमवाल्यांना त्रास झाला. कमरेला फडके गुंडाळतात. बायकोने जुन्या कुणबी साडीचा तांबडा चौकड्यांचा तुकडा काढून दिला. शिक्षकांना तो इतका आवडला की शेवटच्या दिवशी त्यांनी तसाच मागून घेतला.

मधल्या सुट्टीत ते मुलांना गोष्टी सांगतात आणि त्यात इतिहास येतो. गिनी १९५८ साली फ्रान्सपासून स्वतंत्र झाला. नव्या सरकारने गावोगावचे ढोल-नाच उचलून राष्ट्रीय संच उभे केले आणि जगभर फिरवले. जेंबेवादक मामाडी केटा हे तिथले मोठे नाव, बालांडुगू गावचे. १९६४ मध्ये चौदाव्या वर्षी राष्ट्रीय संचात निवडले गेले, पुढे युरोपात शाळा काढली, २०२१ मध्ये वारले. चौदावे वर्ष म्हटल्यावर पोरे हिशेब करू लागली की आपल्या हातात किती वर्षे आहेत. पण १९८४ मध्ये पहिले राष्ट्राध्यक्ष गेले, राजवट बदलली आणि सरकारी आधार आटला. चांगले वादक परदेशी शिकवायला निघाले. आता कोनाक्रीत मुले शिकतात ती वस्त्यांतल्या खासगी संचांत. ढोल फाटला तर कातड्याचे पैसे कुणी द्यायचे हा तिथला रोजचा प्रश्न. आमचे मंडळ त्याच प्रश्नावर दरवर्षी वर्गणी काढते, त्यामुळे मला फार समजवावे लागले नाही.

इथे फीचा विषय येतो. ४,००० मधले ५०० रुपये तिकडच्या अशाच एका मुलांच्या संचाला जातात: कातडी, दोर, आणि सरावानंतर मुलांना जेवण. कल्पना उत्तम. एका रुपयाला साधारण १०० गिनी फ्रँक, म्हणजे आमच्या १८ मुलांचे ९,००० तिकडे नऊ लाख होतात. धाकटी आठवडाभर लखपती असल्यासारखी वावरत होती. पण पावतीवर हे ५०० वेगळे दाखवलेले नाहीत. मी तीनदा विचारले. तिसऱ्यांदा बाईंनी बँकेची एक पोचपावती आणि एक फोटो दाखवला, आणि सांगितले की छोटी रक्कम पाठवली तर बँकेचे शुल्कच खाऊन टाकते, म्हणून वर्षातून दोनदाच पाठवतो. पटले. मग हे पहिल्या दिवशीच का सांगितले नाही? आमच्या मंडळात नारळाचा हिशेबसुद्धा मंडपात लावतात. दुसऱ्याच्या मुलांच्या नावाने पैसे घेता तर कागद भिंतीवर डकवा. हेतूवर माझा संशय नाही, सवयीवर आहे.

दुसरी तक्रार ढोलांची. १८ मुले आणि जेंबे १०. उरलेल्यांनी टाळ्या वाजवायच्या किंवा स्वतःचा आणायचा. म्हणून मी किनाऱ्याजवळच्या एका बाजारातून घेतला, ३,२०० रुपयांना, वर हत्तीचे चित्र रंगवलेले. शिक्षकांनी बोटाने टिचकी मारली आणि काहीच बोलले नाहीत. ते न बोलणे मला पुरले. लाकडाला आतून चीर होती, रंगाखाली लपवलेली. घेणाऱ्यांना सांगतो, आत हात घालून पाहा, उन्हाकडे धरून पाहा, आणि चित्र असलेला घेऊच नका. मुलाला कातड्याची रुंदी आठ-नऊ इंच पुरे, मोठा घेतला तर खांदे उचलून वाजवतात.

जुलैत तर कातडे ओल्या फडक्यासारखे झाले. पावसाळ्यात शिमग्याचे ढोलसुद्धा विस्तवाजवळ धरावे लागतील अशी हवा. पण इथे मला माझे पोटाचे काम उपयोगी पडले. जेंबेला उभे दोर असतात आणि खाली मोकळे टोक उरलेले असते. ते दोन उभ्या दोरांखालून घालून उलटे ओढले की अढी पडते आणि कातडे ताणते. तारा ताणणाऱ्याला हे काय अवघड! तिसऱ्या शनिवारपासून वर्गातले सगळे ढोल मीच ताणत होतो. फीत सूट मिळाली नाही, चहा मिळाला.

तिसरी गोष्ट, मधले दोन शनिवार शिक्षक नव्हते, व्हिसाच्या कागदांसाठी गेले होते. त्या दिवशी मोबाइलवर गाणे लावून मुलांना नाचवले. त्यापेक्षा सुट्टी द्यायची होती. गाण्यांचे शब्दही कुणी लिहून दिले नाहीत. मुलांनी कानाने ऐकून देवनागरीत उतरवले आणि प्रत्येकाच्या वहीत वेगळे गाणे आहे.

एक गोष्ट वर्गाची चूक नाही, आमची आहे, तरी लिहितो. शेजारच्या काकींनी विचारले, पोरीला कुणाकडे पाठवतोस? आणि शिक्षकांसाठी जो शब्द वापरला तो इथे लिहिण्यासारखा नाही. गोव्यात काळा माणूस दिसला की आपण काय काय धरून चालतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी काकींना काही सुनावले नाही, तेवढी हिंमत नव्हती. शेवटच्या दिवशीच्या कार्यक्रमाला मात्र घेऊन गेलो. त्यांनी कुकूला टाळी धरली, थोडी चुकतच. परत येताना गाडीत म्हणाल्या, "घाम किती गाळतो रे तो माणूस."

मुलींनी जेंबे वाजवायचा का, हा प्रश्न धाकटीनेच विचारला होता. शिक्षकांनी खरे सांगितले, की परंपरेने हा पुरुषांचा ढोल, पण आता गिनीत बायकांचेही संच आहेत आणि ते जबरदस्त वाजवतात. आमच्याकडे काय वेगळे आहे? घुमट आरतीला आता बायकांची पथके आहेत, माझ्याच मंडळात मात्र नव्हती. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला तेव्हा आम्ही हारतुरे केले, आणि घोरपडीच्या कातड्यावर कायद्याने बंदी आल्यावर मुकाट बकरीचे कातडे लावले. कातडे बदलले तरी वाजवणारे हात बदलायचे आम्हाला सुचले नव्हते.

या चवथीला दुसऱ्या रात्री तिने घुमट मांडीवर घेतले. घुमटाच्या साथीला शामेळ हा ढोल वाजवणाऱ्या दादांनी एकदा माझ्याकडे पाहिले, मी गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीकडे. तिसऱ्या आरतीच्या शेवटी तिने थांबायचा इशारा वाजवला, तोच जेंबेवरचा. मंडळ थांबले नाही, कारण तो इशारा कुणाला ठाऊकच नव्हता. ती एकटीच थांबली आणि रागाने माझ्याकडे बघत राहिली. पुढच्या वर्षी आधी सांगायचे असे ठरले आहे.

पाचपैकी चार तारे. हिशेब भिंतीवर लागला तर साडेचार. पुढची तुकडी नोव्हेंबरात आहे, फी तीच, वय सात ते बारा. पालकांना बाहेर बसायला लाकडी बाकडी आहेत, ती टोचतात, घरून उशी न्या.