इक्वलायझर एपीओ: बेस वाढवण्याआधी प्रीॲम्प कमी करा

विंडोजवर अनेक प्लेअरना आपापला इक्वलायझर, म्हणजे आवाजातले जाड-बारीक सूर कमीजास्त करण्याची सोय, असतो. पण ब्राउझरमधलं गाणं, गेम आणि व्हिडिओ कॉल या सगळ्यांच्या आवाजात एकच दुरुस्ती करायची असेल, तर मोफत सॉफ्टवेअरमध्ये इक्वलायझर एपीओसारखं दुसरं नाही. एपीओ म्हणजे ऑडिओ प्रोसेसिंग ऑब्जेक्ट. आवाज साउंड कार्डाकडे जाण्याआधी त्यावर प्रक्रिया करता यावी म्हणून विंडोजमध्येच ही सोय आहे आणि हे सॉफ्टवेअर नेमकं तिथे बसतं. त्यामुळे मध्ये खोटं साउंड कार्ड उभं करावं लागत नाही, प्रोसेसरवर भार नगण्य पडतो आणि साध्या फिल्टरांमुळे (फिल्टर म्हणजे आवाजाचा ठरावीक पट्टा वाढवणारी किंवा कमी करणारी सेटिंग) आवाज मागे पडल्याचं जाणवत नाही. त्याच्या बहुतेक अडचणीही याच जागेमुळे येतात.

इन्स्टॉल करताना उपकरणांची यादी असलेली खिडकी उघडते. नव्या आवृत्तीत तिचं नाव डिव्हाइस सिलेक्टर आहे, जुन्या आवृत्तीत कॉन्फिगरेटर होतं. आवाज ज्यातून ऐकायचा त्या उपकरणापुढे टिक करायची आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करायचा. हेडफोन, स्पीकर आणि मॉनिटरचा एचडीएमआय यांच्या नोंदी वेगवेगळ्या असतात. टिक चुकीच्या ओळीवर पडली की पुढे कितीही स्लायडर हलवा, फरक शून्य.

मग एडिटर उघडायचा. सुरुवातीच्या फाइलमध्ये प्रीॲम्प, म्हणजे एकूण आवाजाची पातळी ठरवणारा आकडा, वजा ६ डेसिबलवर असतो, म्हणून पहिल्यांदा आवाज खाली गेल्यासारखा वाटतो. अनेकजण तो लगेच शून्यावर आणतात आणि नंतर आवाज फाटतो अशी तक्रार करतात. प्रीॲम्प तिथे कारणाने आहे. आजची बरीच गाणी डिजिटल कमाल पातळीला टेकलेलीच असतात. त्यात बेस ६ डेसिबलने उचलला तर सिग्नल दुप्पट मोठा होतो आणि त्याला जायला वर जागाच उरत नाही. कधी आवाज सरळ फाटतो, तर कधी विंडोजचा स्वतःचा लिमिटर, म्हणजे आवाज कमाल पातळीच्या वर जाऊ न देणारी सोय, मध्ये पडतो आणि ड्रमचा ठोका आला की गायकाचा आवाज दबतो. हा दुसरा दोष ओळखायला अवघड असतो, दोष हेडफोनचा आहे असंच वाटत राहतं.

उपाय एडिटरच्या खालच्या ॲनालिसिस पट्टीत आहे. तिथे पीक गेन, म्हणजे सगळं मिळून होणारी सर्वात जास्त वाढ, हा आकडा दिसतो. तो शून्याच्या वर गेला, तर तितकाच आकडा प्रीॲम्पमधून वजा करायचा. फिल्टरांचे आकडे डोळ्यांनी बघून अंदाज बांधू नये, कारण शेजारचे फिल्टर एकमेकांत मिसळतात. ६० हर्ट्झला ४ आणि ९० हर्ट्झला ३ डेसिबल वाढवले की मधल्या भागात एकूण वाढ ४ पेक्षा जास्त होते. कमी झालेला आवाज ॲम्प्लिफायरच्या बटणावरून भरून काढावा.

फिल्टर निवडताना १५ किंवा ३१ पट्ट्यांचा ग्राफिक इक्वलायझर आधी भुरळ घालतो. तो डोळ्यांना सोपा आहे, पण खरं काम पॅरामेट्रिक फिल्टर करतात. त्यात फ्रिक्वेन्सी, गेन (किती वाढवायचं किंवा कमी करायचं) आणि क्यू (फिल्टर किती रुंद) असे तीनच आकडे द्यायचे. क्यू १.४१ असेल तर फिल्टर साधारण एका सप्तकाच्या रुंदीवर काम करतो. क्यू जितका मोठा, तितका फिल्टर अरुंद. पुरुषाचा आवाज पिंपात बोलल्यासारखा घुमत असेल तर २०० हर्ट्झच्या आसपास २-३ डेसिबल कमी करून पाहा. स आणि श टोचत असतील तर ६ ते ८ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात शोधा. नेमकी जागा सापडण्यासाठी आवाज अगदी हळू ठेवून अरुंद फिल्टर वर उचलायचा आणि फ्रिक्वेन्सी सावकाश सरकवायची. जिथे दोष सर्वात जास्त खुपतो, तिथे तोच फिल्टर उलटा करून खाली न्यायचा.

हेडफोनसाठी ऑटोईक्यू प्रकल्पातल्या तयार सेटिंगपासून सुरुवात करावी. तिथे हजारो मॉडेलांच्या मोजमापांवरून काढलेले फिल्टर मिळतात आणि प्रीॲम्पचा आकडाही सोबत असतो. मात्र ८ हजार हर्ट्झच्या वरचे फिल्टर डोळे मिटून स्वीकारू नयेत. तिथलं मोजमाप हेडफोन कानावर कसा बसतो यावर फार बदलतं. चकाकी बोचू लागली तर आधी तेच फिल्टर बंद करून पाहावेत.

स्पीकरच्या बाबतीत अपेक्षा माफक ठेवा. भिंतींमधलं अंतर ४ मीटर असेल तर साधारण ४३ हर्ट्झला खोली स्वतःच घुमते. तो उंचवटा अरुंद फिल्टरने छान कापता येतो. पण एखादी फ्रिक्वेन्सी बसण्याच्या जागी नाहीशीच होत असेल, तर ती वाढवून परत येत नाही. थेट आलेली आणि भिंतीवरून परतलेली लहर एकमेकींना खोडतात. एक वाढवली की दुसरीही तितकीच वाढते, ॲम्प्लिफायर फुकट राबतो. तिथे खुर्ची थोडी पुढेमागे केल्याने जास्त फरक पडतो. लॅपटॉपच्या इवल्या स्पीकरांना ५० हर्ट्झ वाढवून देण्यातही अर्थ नाही. उलट १०० हर्ट्झच्या खालचं हाय-पास फिल्टरने छाटलं तर बाकीचा आवाज स्वच्छ होतो.

काहीच परिणाम होत नसेल तर आधी विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये त्या उपकरणाचे ऑडिओ एन्हान्समेंट बंद आहेत का ते पाहा. ते बंद असले की हे सॉफ्टवेअरही बंद पडतं. एएसआयओ किंवा वासापी एक्सक्लुझिव्ह मोड या साउंड कार्डाशी थेट बोलण्याच्या पद्धती वापरणारे प्लेअर हा रस्ताच टाळून जातात, तिथे प्लेअरचाच इक्वलायझर वापरावा लागतो. ड्रायव्हर किंवा विंडोज अपडेटनंतर अचानक सगळं सपाट ऐकू आलं, तर उपकरणावरची या सॉफ्टवेअरची नोंदणी पुसली गेलेली असते. डिव्हाइस सिलेक्टर पुन्हा उघडून टिक करा आणि रीस्टार्ट करा. तरीही जमलं नाही तर त्याच खिडकीत ट्रबलशूटिंगचे पर्याय आहेत, त्यांत इन्स्टॉलचा प्रकार बदलून पाहावा. लॅपटॉपसोबत आलेलं ध्वनी सुधारण्याचं सॉफ्टवेअर चालू असेल तर तेही बंद करा, नाहीतर एकावर एक दोन इक्वलायझर चढतात.

मायक्रोफोनवरही टिक केली असेल तर एक काळजी घ्यावी. उपकरणाचं बंधन न घातलेले फिल्टर टिक केलेल्या सगळ्यांना लागू होतात, म्हणजे हेडफोनसाठी वाढवलेला बेस कॉलवर समोरच्याच्या कानात घुमतो. एडिटरमध्ये फिल्टरांच्या वर डिव्हाइसची ओळ टाकून उपकरण निवडलं की हे टळतं.

दिसायला एडिटर रुक्ष आहे. नवख्यांना त्याच्यावर बसणारं पीस हे वेगळं मोफत सॉफ्टवेअर सोपं जाईल, पण सगळी सेटिंग साध्या मजकुराच्या फाइलमध्ये राहते हे मला मूळ एडिटरचं सर्वात मोठं बळ वाटतं. प्रोग्रॅम फाइल्समधल्या इक्वलायझर एपीओच्या फोल्डरात कॉन्फिग नावाचं फोल्डर असतं. विंडोज पुन्हा टाकण्याआधी तेवढं पेनड्राइव्हवर घ्या.