शूअर एसएम ५८: बैठकीच्या गाण्याला कितपत चालतो?

१९६६ पासून बाजारात असलेला हा डायनॅमिक माइक गाणाऱ्याने स्वतःचा म्हणून घ्यावा असाच आहे. फँटम पॉवर (मिक्सरमधून माइकला पुरवली जाणारी वीज) लागत नाही, त्यामुळे मंगल कार्यालयातल्या साध्या मिक्सरवरही चालतो.

खरी गोम अंतराची. ओठ जाळीला टेकले की खर्ज फुगतो आणि शब्द गढूळ होतात. मांडी घालून गायचं असेल तर बुटका बूम स्टँड घ्या, माइक हनुवटीच्या किंचित खाली, चार बोटं लांब ठेवा. तारसप्तकात जाताना वीतभर मागे सरका. मिक्सरवर ८० ते १०० हर्ट्झचा लो-कट (त्याखालची घुमघुम कापणारं बटण) लावा. मॉनिटर (गाणाऱ्याला स्वतःचं ऐकू यावं म्हणून समोर ठेवलेला स्पीकर) माइकच्या बरोबर पाठीमागे हवा, कारण तिकडचं त्याला सर्वांत कमी ऐकू येतं. जाळी मुठीत धरली की हा गुण जातो आणि शिट्टी सुरू होते.

गोदाघाटावर पाडवा पहाटेला वारा सुटला तर आतला स्पंज पुरत नाही. वरून फोमची टोपी घालाच. संतूर-तानपुऱ्याला मात्र हा नको. तारांची चमक मरते, तिथे कंडेन्सर, म्हणजे बारीक आवाज टिपणारा जास्त संवेदनशील माइकच हवा.

नकली माल भरपूर फिरतो. अस्सल माइक सुमारे २९८ ग्रॅम भरतो, नकली बहुधा हातात हलका लागतो. तळाच्या तीन पिनांशेजारचे आकडेही पाहून घ्या.

जाळी फिरवून निघते. ती मऊ ब्रशने पाण्याखाली धुवा, पण खडखडीत वाळल्याशिवाय परत बसवू नका.