कोशातल्या नोंदींचे क्रमांक : एसक्यूलाइट घ्या, जेसनवर विसंबू नका

संस्कृत कोशासाठी डेक्कन कॉलेजात जमलेल्या चिठ्ठ्या कोटीच्या घरात आहेत. तेवढा व्याप कुणाचा नसतो. पण मावळातल्या बोलीचे चार-पाच हजार शब्द लॅपटॉपवर गोळा करायचे म्हटले तरी प्रत्येक नोंदीला क्रमांक लागतो, आणि एकदा दिलेला क्रमांक पुन्हा दुसऱ्या नोंदीला जाता कामा नये. या कामासाठी एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस उत्तम आहे. ते फुकट आहे, पायथन या प्रोग्रामिंग भाषेसोबतच येतं आणि सगळा कोश एका फाइलीत मावतो.

बहुतेक जण सुरुवात करतात पायथनच्या डिक्शनरीने, म्हणजे ‘की’ (ओळखखूण) आणि तिची माहिती अशा जोड्यांच्या यादीने, आणि ती जेसन या साध्या मजकुराच्या फाइलीत साठवतात. शब्दालाच ‘की’ केलं, तर ‘पाट’ टाकताक्षणी घोळ होतो. बसायचा पाट, पाण्याचा पाट आणि पाट लावणं या तीन वेगळ्या नोंदी. डिक्शनरीत मात्र शेवटची तेवढी उरते, आणि कुठली एरर येत नाही. म्हणून ‘की’ हवी क्रमांकाची. पण जेसनमध्ये साठवताना आकड्याची ‘की’ अक्षरी होते. पुढचा क्रमांक ठरवायला फाइल परत उघडून सर्वांत मोठी ‘की’ काढली, तर अक्षरांच्या हिशोबात ‘९’ हा ‘१०’पेक्षा मोठा ठरतो, अकरावी नोंद दहाव्या क्रमांकावर बसते आणि आधीची दहावी जाते. ‘एकूण नोंदी अधिक एक’ ही युक्तीही मधली एखादी नोंद खोडली की फसते.

एसक्यूलाइटमध्ये टेबल करताना क्रमांकाच्या रकान्याला ‘इंटिजर प्रायमरी की ऑटोइन्क्रिमेंट’ लिहायचं. ‘इंटिजर’ पूर्णच लिहा, ‘इंट’ चालत नाही. ‘ऑटोइन्क्रिमेंट’ गाळलं तरी क्रमांक पडतात, पण शेवटची नोंद खोडल्यावर तिचाच क्रमांक पुढच्या शब्दाला मिळतो. कोशात हे घातकच, कारण ‘पाहा’ म्हणून दिलेले संदर्भ भलत्याच शब्दाकडे जातात. क्रमांकांत मध्ये फट राहिली तर राहू द्या. नोंदी भरल्यावर कमिट, म्हणजे बदल फाइलीत पक्के करण्याची आज्ञा, मात्र विसरू नका; ‘सेव्ह झालंच नाही’ या तक्रारीमागे बहुधा तेच असतं.

मराठीची खरी मेख ‘दऱ्या’सारख्या शब्दांत आहे. कुणाच्या कीबोर्डवर तो ऱ, हलन्त, य असा उमटतो. कुणाच्या र, हलन्त, अदृश्य जोडचिन्ह, य असा. दिसायला दोन्ही सारखेच, पण एसक्यूलाइटला ते दोन शब्द वाटतात आणि दोन क्रमांक पडतात. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणाऱ्या युनिकोडच्या एनएफसी नॉर्मलायझेशनने हे सुटत नाही. नोंद भरण्याआधी दुसऱ्या रूपाच्या जागी पहिलं घालणारी एक ओळ आपणच लिहावी लागते.

उणीव एकच, पण जाणवणारी: अकारविल्हे क्रम. एसक्यूलाइट शब्द कोडपॉइंटप्रमाणे, म्हणजे युनिकोडने अक्षराला दिलेल्या क्रमांकाप्रमाणे, लावतं, त्यामुळे ळ येतो ल आणि व यांच्या मधे, आणि ‘कळस’ ‘कवच’च्या आधी लागतो. ह नंतर ळ हवा असेल तर क्रमासाठी वेगळा रकाना ठेवा. नोंदीच्या क्रमांकाकडून ते काम करवून घेऊ नका.

एक्सेलमध्ये पाहणाऱ्यांना सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली मजकूर फाइल) द्यायची तर एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ ठेवा, नाहीतर देवनागरीऐवजी चिन्हांचा कचरा दिसतो. मूळ फाइल नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमधून दोघांनी एकाच वेळी उघडू नये. तिथे लॉकिंगचा, म्हणजे एक जण लिहीत असताना दुसऱ्याला थोपवण्याचा, भरवसा नसतो आणि फाइल बिघडू शकते.