विश्रामबागेतील एक मानसोपचार दवाखाना : जुन्या रुग्णाचा अभिप्राय

मला द्विध्रुवीय विकार (बायपोलर, म्हणजे कधी अति उत्साह तर कधी खोल नैराश्य येणारा आजार) असल्याचे निदान दहावीनंतरच्या सुट्टीत झाले आणि तेव्हापासून सांगलीच्या विश्रामबाग भागातील एका खासगी दवाखान्यात माझे उपचार चालू आहेत. पुढे काही तक्रारीही आहेत, म्हणून दवाखान्याचे नाव देत नाही.

पहिल्या भेटीत प्रश्न मला आणि उत्तरे आईची, असेच चालले होते. ते थोडा वेळ ऐकून घेऊन डॉक्टरांनी आईवडिलांना बाहेर बसण्याची विनंती केली. मात्र त्याआधी, मुलीच्या जिवाला धोका दिसला तरच मी तुम्हाला सांगेन, एरवी तिचे बोलणे तिचेच राहील, हे त्यांच्यासमोरच स्पष्ट केले. वयात येणाऱ्या मुलांच्या उपचारात एवढ्या एका गोष्टीवर बरेच काही अवलंबून असते. या आजारावरचे व्हॅल्प्रोएट हे औषध गर्भाला गंभीर अपाय करू शकते, त्यामुळे मुलींना ते शक्यतो देत नाही, हेही त्यांनी तेव्हाच समजावले. लग्नाचा विषय निघाल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे बरे. अठरा पूर्ण झाल्यावर त्यांनी २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे तुमचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयात तुम्हाला साथ देणारी व्यक्ती, कोण असावा, हे मलाच विचारले.

मी घेते त्या लिथियमच्या, म्हणजे मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधाच्या, बाबतीत हा दवाखाना विशेष काटेकोर आहे. रक्तातील लिथियमचे प्रमाण मोजण्यासाठी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यावे लागते, म्हणून तपासणीच्या चिठ्ठीवर आदल्या रात्री गोळी घेतल्याची वेळ लिहिण्यासाठी वेगळा रकाना आहे, आणि तो रिकामा असला तर अहवालातील आकड्यावर डॉक्टर विश्वास ठेवत नाहीत. थायरॉइड आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या साधारण सहा महिन्यांनी होतात. सांगलीचा उन्हाळा कसा असतो हे सांगायला नको. घाम, उलट्या किंवा जुलाब होऊन शरीरातले पाणी कमी झाले की रक्तातील लिथियम वाढते, आणि मेडिकलमधून आपल्या मनाने आणलेल्या आयबुप्रोफेनसारख्या गोळीनेही तेच होते. माझ्या फाइलच्या पुठ्ठ्यावर हे लाल शाईने लिहिलेले आहे. गोळी स्वस्त असली तरी तपासण्यांचा खर्च धरूनच हिशेब करावा, कारण बहुतेक आरोग्य विम्यांत बाह्यरुग्ण उपचारांचा खर्च मिळत नाही.

आता तक्रारी. वेळ घेऊन गेले तरी तासभर थांबावे लागते, हे एक वेळ चालेल. पण भरलेल्या खोलीत कंपाउंडरने पूर्ण नावाने पुकारा करून झोपेची गोळी चालू आहे का, असे विचारावे, हे अक्षम्य आहे. तासगावची माणसे तासगावात कोणी पाहू नये म्हणून एवढ्या लांब येतात आणि इथे शेजारी नेमके गावचेच कोणी बसलेले असते. समुपदेशक वारंवार बदलतात, त्यामुळे तीच कहाणी नव्याने सांगावी लागते. अलीकडे मी समुपदेशनासाठी दुसरीकडे जाते, औषधे मात्र इथलीच आहेत.

रात्री दवाखान्याचा फोन उचलला जात नाही. अशा वेळी शासनाची टेलि-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा, क्रमांक १४४१६, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येते. मात्र लिथियम घेणाऱ्याला उलट्या, हातांना जोराचा कंप आणि तोल जाणे अशी लिथियम जास्त झाल्याची लक्षणे एकत्र दिसू लागली, तर फोनवर वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे आणि गोळ्यांचे पाकीट बरोबर न्यावे.