पाकिटासाठी डक्ट टेप: दुकानात तीन मिळतात, कामाची एकच

नाशिकमध्ये रविवार कारंजापासून अंबड लिंक रोडपर्यंत कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात ‘डक्ट टेप द्या’ म्हटलं की तीनपैकी काहीही हातात पडू शकतं: एसीवाले वापरतात ती ॲल्युमिनियम फॉइलची टेप, गुळगुळीत पीव्हीसी टेप किंवा कापडी टेप. तिन्ही चंदेरी, म्हणून घोळ. पाकीट करायचं असेल तर कापडीच घ्यावी, आणि मागतानाच ‘कापडी, ४८ मिलिमीटर’ असं स्पष्ट सांगावं.

परीक्षा सोपी आहे. टेपचं टोक दोन्ही चिमटींत धरून आडवं फाडा. कापडी टेप टर्रकन सरळ फाटते आणि कडेला सुताचे धागे दिसतात. पीव्हीसी आधी ताणली जाते. तिच्या पाकिटाचे कप्पे सैल पडतात आणि कार्डं निसटतात. फॉइल घडीवर चिरते, म्हणजे पाकिटाच्या दृष्टीने ती बादच.

कापडी टेपमध्ये वर पॉलिथिन, मध्ये सुती जाळी आणि खाली रबरी गोंद असतो. पैसे मोजायचे ते जाळीचे. जाळी विरळ असेल तर टेप वाकडीतिकडी फाटते आणि घडीवर लवकर जीर्ण होते. रिळाच्या आकारावर भुलू नये, आतली पुठ्ठ्याची नळी जाड असली की छोटं रीळही ऐसपैस दिसतं. वेष्टनावरचे मीटर वाचावेत. एका पाकिटाला वाया जाणारी धरून साधारण ४ मीटर लागते, म्हणजे १० मीटरच्या रिळात दोन पाकिटं आरामात होतात.

मापं आपल्या नोटांवरून घ्यावीत, परदेशी व्हिडिओंवरून नाही. ५०० ची नोट १५० × ६६ मिलिमीटर, तर एटीएम कार्ड, लायसन्स किंवा पीव्हीसी आधार ८५.६ × ५४. दोन कार्डं शेजारी बसायची असल्यामुळे रुंदी नोट ठरवत नाही, कार्ड ठरवतं. त्यामुळे टेपच्या पट्ट्या जोडून करायचा मूळ पत्रा २० × १७ सेंटिमीटरचा, आणि घडी घातल्यावर पाकीट २० × ८.५.

काम काचेवर किंवा ओट्याच्या गुळगुळीत कडप्प्यावर करावं, तिथून टेप सहज सुटते. २२ सेंटिमीटरच्या ४ पट्ट्या ६ मिलिमीटर एकमेकींवर चढवून लावा. अख्खा पत्रा उचलून उलटा करा आणि चिकट बाजूवर १९ सेंटिमीटरच्या ५ पट्ट्या उभ्या लावा. आडवं-उभं केल्याने दोन थरांचे जोड एका रेषेत येत नाहीत. पट्टी एका टोकापासून जुन्या कार्डाने दाबत न्यावी. गोंदावर गोंद बसला की तो सुटत नाही, ओढायला गेलं तर खालचा थरही सुरकुततो. बुडबुडा राहिला तर टाचणीने भोक पाडून हवा काढावी. मग पोलादी मोजपट्टी लावून पत्रा कटरने मापात कापा. कात्रीला गोंद चिकटतो. कटरचं पातं मधूनमधून खोबरेल तेलाच्या बोळ्याने पुसून कोरडं करावं, तेल टेपला मात्र लागू देऊ नये.

कप्प्यांसाठी १०.५ सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या गोंदाला गोंद लावून जोडा आणि ९.५ ला कापा. उंची आपोआप ४.८ होते, म्हणजे कार्डाचं टोक ६ मिलिमीटर वर राहतं, बोटात धरायला पुरेसं. असे चार कप्पे: आतल्या बाजूला दोन डावीकडे, दोन उजवीकडे, मधे १ सेंटिमीटर मोकळा. मागचा कप्पा तळापासून १.२ सेंटिमीटर वर लावून त्याचा तळ अर्ध्या रुंदीच्या पट्टीने आधी बंद करा, मगच पुढचा. क्रम चुकला तर मागचं कार्ड सरळ खाली घसरतं.

आता बहुतेकांची चूक होते ती जागा. पत्र्याची लांबीत घडी घातल्यावर दोन्ही बाजू सपाट ठेवूनच बंद केल्या की पाकीट मधोमध मिटल्यावर आतला थर गोळा होतो. एक बाजू बंद करा, पाकीट मिटा, आणि मिटलेल्या स्थितीत दुसरीकडे आतला थर ३ मिलिमीटरभर बाहेर येतो तो कापून मग ती बाजू चिकटवा. कापलेल्या सगळ्या कडांवरून अर्ध्या रुंदीची पट्टी फिरवावीच. पॉलिथिन पाणी अडवतं, पण उघडा धागा पावसात पाणी आत ओढतो आणि कडेला आलेला गोंद खिशातला कचरा गोळा करतो.

टेपचा खरा दोष उष्णता. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने चाचण्या केल्या तेव्हा गरम हवेच्या डक्टवर, म्हणजे हवा नेणाऱ्या नळ्यांवर, डक्ट टेपच सपशेल नापास झाली होती! नाव डक्टचं, पण १९४३ मध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या वेस्टा स्टाउट यांनी अशी कापडी टेप सुचवली ती पेट्या बंद करण्यासाठी. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीत हे पाकीट ठेवू नये, गोंद मऊ होऊन कडांतून बाहेर सरकतो. उलट जानेवारीतल्या गारठ्याच्या सकाळी टेप नीट धरत नाही, तेव्हा दुपारी बसावं.

चामड्याची जागा हे घेणार नाही. घाम शोषत नाही, आणि सुट्ट्या पैशांसाठी तर अजिबात नाही, नाण्यांच्या भाराने तळाची घडी उसवते. पण टेप ०.२ मिलिमीटरची धरली तर मिटलेलं रिकामं पाकीट ३ मिलिमीटरच्या आसपासच भरतं, शर्टाच्या खिशात कळतही नाही. घडीवर सुताचे धागे दिसू लागले की बाहेरून ८.५ सेंटिमीटरची एक पट्टी मारावी. उरलेलं रीळ आडवं ठेवू नये, कडेचा गोंद खाली चिकटतो. खिळ्याला टांगून ठेवावं.